लेन्सवरचं फुलपाखरू

नंदनवन कॉलनीतल्या आमच्या शेजारच्या काकू सुटीच्या सकाळी पारशिवनीकडच्या जंगलात किड्यांचे फोटो काढतात. मी सोबत जातो. ओल्या गवतात पालथ्या पडून पात्यावर झोपलेल्या चतुर किड्याला समजावतात, "हळू उठ गा, घाई काहून करून राहिला?" स्वतःवर मात्र कुणी कॅमेरा धरला की ओढणीआड तोंड लपवतात.

परवा धुकं विरत असताना एक फुलपाखरू त्यांच्या लेन्सवरच येऊन बसलं. आता फोटो कसा निघणार? काकू उठून बसल्या आणि त्यांनी कॅमेरा हळूहळू स्वतःकडे वळवला. फुलपाखरू पंख मिटत होतं, उघडत होतं.

"पाहून राहिलं मले," त्या पुटपुटल्या.

मी मोबाईल खिशातच राहू दिला. त्यांनी ओढणी बाजूला सारली, पिकलेली बट कानामागे नीट बसवली आणि फुलपाखरू उडेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.