वाकडी काठी आणि जोडलेले हात

ग्रुपवर चित्र टाकलं की मी फोन पालथा ठेवते. उभी हयात शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली, पोरांच्या कागदांवर लाल पेनानं रेघोट्या मारताना कधी मागेपुढे बघितलं नाही, आणि स्वतःचं चित्र चार लोकांपुढे ठेवायचं म्हटलं की मला तिथे थांबवत नाही. मग मी स्वयंपाकघरात जाते, पुसलेलेच डबे पुन्हा पुसते आणि परत येऊन एका डोळ्यानं स्क्रीनकडे बघते. आमचे हे त्याला 'निकालाची वाट बघणं' म्हणतात. यांचं काय जातं म्हणायला? यांनी जन्मात साधा आंबासुद्धा काढलेला नाही.

ग्रुप आमच्या जिल्ह्यातल्या हौशी चित्रकारांचा. शहरातले बरेच, बाकी मोहोळ, मोडनिंब, श्रीपूर असे विखुरलेले. बाईंना कोणी उलटून बोलणार नाही, या हिशेबानं सगळ्यांनी मिळून ॲडमिनपण माझ्या गळ्यात घातलं. सुरुवातीला नुसता गोंधळ होता. कोणी चित्र टाकायचं, खाली कोणी लिहायचं की हात लाकडाचा वाटतोय, आणि टाकणारा गुपचूप ग्रुप सोडून जायचा. मोहोळच्या एका निवृत्त गृहस्थांनी नातीचं चित्र टाकलं, तर त्याखाली दोघातिघांनी हसणारे चेहरे चिकटवले. त्या माणसानं पुन्हा कधी काही टाकलं नाही. मला इतका संताप आला की मी त्याच दिवशी बसून नियम लिहिले.

नियम साधे होते. टीका हवी असेल तर चित्राखाली 'सांगा' असं लिहायचं. 'सांगा' नसेल तर नुसतं बघायचं, आवडलं तर तसं म्हणायचं, नाहीतर गप्प बसायचं. बोलायचं ते चित्राबद्दल, काढणाऱ्याबद्दल नाही. काय चुकलं हे सांगण्यापेक्षा आपली नजर कुठे अडखळली ते सांगायचं. आणि दुसऱ्याचं चित्र त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही. हे सगळ्यांनी पाळलं. शिवाय एक नियम आपोआप पडला, तो मी लिहिलेला नव्हता. देवाधर्माचं चित्र आलं की खाली 'सांगा' लिहिलेलं असो वा नसो, सगळ्यांनी हात जोडायचे आणि पुढे जायचं. देवाचं नाक लांब झालंय असं कोण सांगणार?

यंदा संक्रांतीच्या यात्रेनंतर मी नंदीध्वजांचं चित्र काढायला घेतलं. बाहेरच्या माणसासाठी सांगते, नंदीध्वज म्हणजे घराच्या गच्चीपेक्षा उंच काठ्या. सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी त्या अंगावर उभ्या तोलून शहरभर नेतात. मिरवणुकीत एखादी काठी जराशी कलली तरी रस्त्यावरच्या सगळ्या गर्दीचा श्वास अडकतो. माझाही अडकतो, लहानपणापासून. म्हणूनच बहुतेक मला ते चित्र काढायचं होतं, खाली माणसांची दाटी आणि वर आभाळात सरळ गेलेल्या काठ्या.

सरळ रेषेची मला घमेंड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मी पट्टी वापरत नाही. हात ताठ करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि मापं घ्यायची, असं मी पिढ्यानपिढ्या पोरांना शिकवलं. मी स्वतः डावा डोळा मिटते. उजवा माझा कामाचा डोळा. नुसतं मापच नाही, महत्त्वाची रेष ओढतानाही डावा आपोआप मिटतो, इतकी सवय जडली आहे. मधली काठी मी तशीच ओढली. जरा खटकली की दुरुस्त केली, पुन्हा बघितली, पुन्हा दुरुस्त केली. शेवटी मनासारखी ताठ दिसली तेव्हाच ब्रश खाली ठेवला.

चित्र ग्रुपवर टाकलं, खाली ठळक 'सांगा' लिहिलं आणि फोन पालथा केला. परत येऊन बघते तर जोडलेल्या हातांची रांग लागलेली. कोणी यात्रेतल्या गजरासारखं 'बोला हर्र' लिहिलं होतं, कोणी 'बाई, साक्षात'. मी सुखावले आणि चिडलेही. टीका मागितली होती, आणि एवढ्या लोकांत एकाचीही नजर कुठे अडखळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीपूरच्या एका बाईचा व्हॉइस मेसेज आला, ग्रुपवर नाही, थेट मला. ही साखर कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे, उसाच्या बैलगाड्या फार जिवंत काढते, ग्रुपवर नवीनच आलेली. ॲडमिनला खासगीत मेसेज येतो तो कोणाची तरी कागाळी सांगायलाच, म्हणून मी वैतागूनच तो लावला.

"बाई, रागावू नका," ती म्हणत होती. "एक इचारायचं हाय. मधली काठी तुमी मुद्दाम वाकवलीय का? तिला मधीच बाक आलाय. मुद्दाम आसंल तर माझं काय म्हणनं न्हाय. पन मुद्दाम नसंल तर, बाई, मला लई भ्या वाटतंय."

माझं डोकंच फिरलं. कालची आलेली बाई मला रेष शिकवते? मी चित्र भिंतीला टेकवून उभं केलं आणि सवयीनं डावा डोळा मिटून बघितलं. काठी ताठ होती. आता पुरावाच पाठवावा म्हणून कपाटातून शाळेतली स्टीलची पट्टी काढली आणि काठीला लावली. पट्टी वाकडी दिसत होती. पोराटोरांनी वाकवली असेल, असं मी स्वतःशी म्हटलंसुद्धा. टेबलाच्या कडेला लावली, तर टेबलाची कडही मधोमध ओघळलेली. मग मी डावा डोळा उघडला आणि उजवा मिटला. पट्टी सरळ झाली, टेबल सरळ झालं, आणि चित्रातल्या काठीच्या पोटात बाक आला.

मी खाली बसले. इतकी भीती मला कधी वाटलेली नव्हती, बाळंतपणातही नाही. पुन्हा एक डोळा मिटला, पुन्हा दुसरा. खिडकीचे गज, दाराची चौकट, समोरच्या इमारतीच्या कडा, उजव्यानं बघितलं की सगळं मधोमध वितळत होतं. गेले काही आठवडे पेपरातल्या ओळी मधेच खाली घसरतात असं वाटायचं, ते मी नव्या चष्म्यावर ढकललं होतं. चष्मेवाल्याला चांगली झापूनही आले होते. हे शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होते, पण मी त्यांना हाक मारली नाही. त्यांना सांगितलं की ते खरं होणार, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात होतं. मी श्रीपूरला फोन लावला.

मुद्दाम वाकवली नाही, एवढंच मी म्हणाले. मग तिनं तिच्या आईचं सांगितलं. आईला दाराची चौकट वाकडी दिसायची. सुतारानं फसवलं म्हणून ती सारखी कुरकुरायची आणि घरातले हसायचे. "मग त्या डोळ्यानं तिला मान्साचं तोंडच दिसंना झालं," ती म्हणाली. "समोर उभी ऱ्हायली तर माझे नुसते केस दिसायचे तिला, कडंनं. तुमची काठी बघितल्यापासनं मी मेसेज लिवतीय आन् पुसतीय, बाई. देवाच्या काठीला वाकडी म्हनायचं, ते पन तुमाला. पन जीव ऱ्हाईना." डॉक्टरकडे लगेच जा, वाट बघू नका, हे तिनं दोनतीनदा बजावलं.

मग मी यांना सांगितलं. यांनी टीव्ही बंद केला, चित्राकडे बघितलं आणि खाली मान घातली.

"मला दिसली होती वाकडी," हे म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुला राग येतो."

मला यावर रागही आला नाही, यावरून माझी काय अवस्था होती ते कळेल.

सकाळी यांनी स्कूटरवरून पडद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. पडदा म्हणजे डोळ्याच्या आतला. सात रस्ता चौकापासून मी मागे बसून विजेचे खांब बघत होते, एकदा या डोळ्यानं, एकदा त्या. एखादा खांब सरळ दिसला की जिवात जीव यायचा आणि पुढचा वाकला की सगळं अंग गार पडायचं. वाटलं, ही माणसाचं तोंड न दिसण्याची सुरुवात आहे. आज खांब, उद्या यांचा चेहरा. यांच्या शर्टाची पाठ मी मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

डॉक्टरांनी हातात चौकटींचा एक कागद दिला, मधे काळा ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा, म्हणाले. माझे वडील सोलापुरी चादरींची डिझाइनं काढायचे. असल्याच बारीक चौकटींच्या कागदावर मोर आणि फुलं भरत बसलेले वडील बघत मी मोठी झाले. रेष पहिल्यांदा त्याच कागदावर शिकले. त्या कागदाच्या मधल्या चौकटी आता ठिगळ ओढल्यासारख्या चुण्या पडून एकमेकींत शिरल्या होत्या. मी डॉक्टरांसमोर रडले. इतका वेळ नव्हते रडले.

पडद्याच्या मधोमध पाणी साठलंय, सूज आहे, असं ते म्हणाले. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, एकदा नाही, बरेचदा. गेलेलं सगळं परत येईल असं ते म्हणेनात, मी खोदून विचारलं तरी म्हणेनात. पण वेळेत आलात, म्हणाले. एक डोळा बिघडला की दुसरा झाकून नेतो, त्यामुळे बहुतेकांना पार उशिरा कळतं. तुमच्या कसं लक्षात आलं, असं त्यांनी विचारलं. एका बाईनं विचारलं म्हणून, असं मी सांगितलं.

डोळ्यात सुई जाणार, या विचारानं मला जेवण गेलं नाही. बधिर करतात, दुखत फारसं नाही, सगळं खरं. पण हलू नका म्हणतात, आणि मिटायचा म्हटला तरी तो डोळा मिटता येत नाही, याची भीती वेगळीच असते. पहिल्या वेळी मी मनातल्या मनात मिरवणुकीतली काठी धरून ठेवली होती, कलू द्यायची नाही म्हणून. घरी आल्यावर डोळ्यावर पट्टी असताना फोन घेतला आणि एकाच डोळ्यानं बघत ग्रुपवर लिहिलं, 'माझ्या चित्रातली मधली काठी वाकडी आहे. कोणाकोणाला दिसली होती, खरं सांगा.'

पहिल्यांदा मोडनिंबच्या एका मुलीनं लिहिलं, दिसली होती बाई. मग दुसरं कोणी, मग तिसरं. काहींना वाटलं तीच माझी शैली, काहींना वाटलं वाऱ्यानं वाकलेली दाखवली असेल, आणि बाकीच्यांनी सरळ लिहिलं की देवाचं चित्र आणि त्यातून तुमचं, कसं बोलणार. मी ते वाचत गेले आणि अंगावर काटा आला. माझा डोळा चालला होता आणि एवढी सगळी माणसं ते बघत हात जोडून उभी होती. वाईट कोणाचंच नव्हतं मनात, हेच जास्त भयंकर वाटलं.

नियम मी बदलले, पण फार नाही. 'सांगा' लिहिलं असेल तर देव असो की नात, नजर अडखळली तर सांगायचं, आणि कसं सांगावं कळत नसेल तर विचारायचं, हे मुद्दाम केलंय का म्हणून. एवढंच घातलं. ग्रुपवर आता चित्रं थोडी कमी येतात. काहींना ते रुचलं नाही, हे मला माहीत आहे.

इंजेक्शनं चालू आहेत. रोज सकाळी उठल्या उठल्या मी एक डोळा झाकून खिडकीचे गज बघते, आणि त्या क्षणाची धास्ती अजून गेलेली नाही. कधी गज बरे दिसतात, कधी मधला जरा लवतो आणि मग दिवसभर हातात काही धरवत नाही. या भीतीपायी बरेच दिवस पेन्सिलीला हात लावला नाही. मागच्या आठवड्यात लावला. पुन्हा नंदीध्वजच, पण नुसत्या पेन्सिलीनं, आणि या वेळी मिटला तो उजवा. ग्रुपवर टाकायची छाती झाली नाही. श्रीपूरला पाठवलं, खाली 'सांगा' लिहिलं, फोन पालथा केला आणि डबे पुसायला गेले. सगळे डबे पुसून झाले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, तरी फोन वाजेना. ती लिहून पुसतेय, असं माझ्या मनानं घेतलं.

शेवटी आवाज आला.

"बाई, वरपासनं खालपतुर बघितली, दोनदा. काठी सरळ हाय," ती म्हणाली. "पन डावीकडच्या मानकऱ्याचा हात लई लांब झालाय, गुडघ्याच्या खाली जातोय की."

मी धावत चित्राकडे गेले. डावा डोळा मिटून बघितलं, हात लांब. उजवा मिटून बघितलं, तरी लांब. दोन्ही डोळे उघडून बघितलं. हात लांबच होता, आणि ती चूक डोळ्याची नव्हती, माझी होती. मी हसत खोडरबर शोधायला लागले.