पाखड मरेना

नोकरीत मी खुनांचेही तपास केले, पण आजही आधी आठवते ती पोलादपूरच्या एका डोंगरवाडीतली जळालेल्या भाताची घटना.

लावणी होऊन महिना होत आला होता. वाडीवरची एक साठीतली बाई ठाण्यात आली आणि तिने अंमलदाराच्या टेबलावर करपलेल्या भाताची मूठ ठेवली.

"दिरानं माजं भात जाळलं. बांधाच्या भांडनाचा डूख धरून हाय तो. आत टाका त्याला!"

अंमलदार अर्ज लिहून घेत होता आणि ती पदराने डोळे पुसत होती. मुले मुंबईला, घरात ती आणि नवरा. दोघांचे वर्षाचे खाणे त्या एका खाचरावर. म्हणून पंचनाम्याला मी स्वतः गेलो.

खाचरात भात करपले होते, पण त्यातले पाखड नावाचे गवत मजेत हिरवेगार उभे होते. हे मला खटकले. नवरा ओटीवर मान खाली घालून बसला होता. दिराच्या पडवीत फवारणीचा पंप मिळाला. त्याच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. या मोसमात तो पंप चाललेलाच नव्हता.

दीर ठाण्यात आला आणि बसायच्या आत म्हणाला, "मीच केलं, सायेब."

"औषध कुठलं?"

"तनाचं."

"पाण्यात किती टाकलंस?"

तो छताकडे बघू लागला. चहा गार व्हायच्या आत गुन्हा कबूल करणारा माणूस बहुधा कुणाला तरी पाठीशी घालत असतो, हा माझा अनुभव. मी त्याला बसवून ठेवले आणि कृषी सहायक बाईंना खाचर दाखवले.

त्या म्हणाल्या, "जाळायचंच असतं तर बांधावर मारतात ते सगळंच जाळणारं औषध वापरलं असतं. हे भातातलंच औषध आहे, पण मापाच्या कितीतरी पट. दरवर्षी तेच ते मारलं की त्यातून वाचलेल्या पाखडाचंच बी पडतं. पुढे ते औषधाला दाद देत नाही. मग लोक माप वाढवतात आणि भात मरतं."

म्हणजे हा हात वैऱ्याचा नव्हता, तण मारायला निघालेल्या माणसाचा होता. मी नवऱ्याशेजारी ओटीवर जाऊन बसलो. त्याला फार विचारावे लागले नाही.

"तिचं गुडघं गेलं, सायेब. तरी तन उपटाया बेननीला वाकतेच. पयलं औषध मारलं की पाखड मरायचं, औंदा मरंचना. म्हनलं, जास्ती टाकू, म्हंजे तिला चिखलात उतराया नको." त्याने बाहीने डोळे पुसले. "धाकट्यानं मला औषध मारताना बगितलं होतं. तो म्हनला, वैनीला सांगू नको, तिचा जीव तुटंल. माज्यावर येऊ दे. तशीबी ती माज्याशी बोलत नाय."

बाई दारातच उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"गुडघं माजं गेलं, आन अक्कल तुमची!" ती नवऱ्यावर कडाडली आणि उंबऱ्यातच मटकन बसून रडू लागली.

दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घ्यायला ती ठाण्यात आली. दीर सोबत होता. जबाबावर अंगठा उठवून ती त्याला म्हणाली, "भावजी, उद्या सकाळी या. तुरा यायच्या आत पाखड उपटाया पायजे. जेवाया आमच्यातच."

पुढच्या आठवड्यात मी त्या बाजूला गेलो, तेव्हा ती बांधावर पाय पसरून बसली होती आणि दोघे भाऊ चिखलात वाकले होते. करपलेल्या भाताला बुडातून नवे फुटवे आले होते आणि कोवळे पाखड भातासारखेच दिसते, त्यामुळे तिचे ओरडणे चालूच होते.

"अवो, ते भात हाय, भात! सोडा ते!"

नुकसान दिसले की आपण आधी वैरी शोधतो, आणि पोलीस तर जास्तच. इथे भात करपले ते मायेपोटी आणि आळ अंगावर घेतला तोही मायेपोटी. कोणत्या कलमाखाली बसवणार हे? त्यानंतर कुणी झटपट गुन्हा कबूल केला की मी आधी त्याच्या घरी कोण कोण आहे ते विचारत असे.