आज्याला ऐकू आलेली वाघीण

आमच्याकडच्या एका मालधक्क्यावर एक म्हातारा हमाल होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमचं बोलणं भांडणानेच सुरू व्हायचं. पेणचं मीठ रेल्वेने पाठवायला मी वाघीण मागितली होती. आठ दिवस झाले, गिऱ्हाईक सौदा मोडायला निघालं, आणि हा माझ्याच पोत्यांवर मांडी ठोकून, तंबाखू मळत मला शब्दाचं मूळ शिकवत होता.

"शेठ, मालाच्या डब्याला वाघीण का बोलतात, माहीत हाय? गोरा साहेब बोलला वॅगन. माझा आजा कल्याणला हमाल. त्याला ऐकू आलं वाघीण."

"तुझा आजा बहिरा, त्यात माझा काय गुन्हा?" मी ओरडलो.

त्याने तळहातावर थाप मारून चुना उडवला. "ओरडून वाघीण येत नाय, शेठ. बकरं बांधावं लागतं," असं म्हणून त्याने वाघिणी वाटणाऱ्या बाबूच्या खिडकीकडे हनुवटीने खूण केली.

मी आयुष्यात कुणाला सुतळीसुद्धा फुकट दिलेली नाही. बाबूला काय देणार?

दुसऱ्या दिवशी वाघीण आली आणि रोह्याच्या एका व्यापाऱ्याची पोती गिळून गेली. त्याने अर्ज आदल्याच दिवशी दिला होता.

हमालाच्या आज्याला नीटच ऐकू आलं होतं.