सव्वा महिन्यानंतरची बाळंतीण

सोलापुरातल्या बायकांच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून नव्यानेच लागले होते, तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाईंनी एक खूळ काढलं. घरी गेलेली बाळंतीण सव्वा महिन्यानंतर डोळ्यांनी जिवंत पाहिली, तरच ती वाचली असं धरायचं.

"खाटेवर दगावली तेवढीच आपण मोजतो," बाई म्हणाल्या. "घरी जाऊन दगावली, तर ती आपल्या लेखी बरी झालेली. हे कसलं मोजणं?"

बोलावलं की बहुतेक जणी येत. सांगोल्याकडच्या धनगराची एक सून मात्र येईना. तिचं पोट चिरून मूल काढलं होतं. बाईंचं तसलं पहिलंच ऑपरेशन. बाईंना अन्न गोड लागेना. शेवटी आम्ही दोघी सर्व्हिस मोटारीनं सांगोल्याला गेलो आणि तिथून बैलगाडीनं तिच्या वस्तीवर.

दारात सासू लोकर कातत बसली होती. "सून कुठं आहे?" मी विचारलं.

"गेली की," ती मान वर न करता म्हणाली.

बाई मटकन खाली बसल्या. मला हुंदका आवरेना. "कधी?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"सकाळच्यालाच. लई सांगितलं, घरात ऱ्हा म्हनून. ऐकतीया कुटं! पोर पाठीला बांदलं आन् गेली मेंढरं घिऊन." मग तिनं आमच्याकडं पाहिलं. "आन् तुमी रडताय कशापायी?"

बाईंनी पदर खोचला आणि त्या पळतच सुटल्या. माळावर सून दिसली. तिनंही आम्हाला पाहिलं, आणि ती उलट्या दिशेला धावू लागली!

"अगं, थांब!"

"न्हाय! पुन्यांदा फाडू द्यायची न्हाय मी!"

पुढं ती, मागं बाई, मधे बावचळलेली मेंढरं, आणि सगळ्यांच्या मागं हसून हसून बेजार झालेली मी. बाईंना धाप लागली. त्या ढेकळांतच बसल्या आणि मोठमोठ्यानं हसायला लागल्या. "बघ गं, बघ कशी पळतेय!"

त्या हसताहेत म्हटल्यावर ती थबकली, हळूहळू जवळ आली.

"फक्त बघायला आलोय," मी म्हटलं.

"मी जित्ती हाय का त्ये? यवड्या लांबनं?" तिनं गर्रकन गिरकी घेतली. पाठीवरचं पोर डुललं. "मग बगा की!"

निघताना तीच म्हणाली, "पल्याडच्या वस्तीवरची मातुर वाचली न्हाय. तुमच्याकडनं आली आन् तापानं गेली."

ती बाईंच्या नियमाआधी घरी गेलेली; आमच्या हिशेबात ती बरी झालेली होती. बाईंनी तिचं नाव विचारून घेतलं आणि दगावलेल्यांत लिहिलं.

त्या वर्षी आमचा मृत्यूंचा आकडा वाढला आणि दवाखान्याची कमिटी बाईंवर रागावली. "यंदा आम्ही घरी जाऊन पाहिलं," एवढंच बाई म्हणाल्या. शिवाय शहरातल्या बाळंतिणींचा ताप घरोघर जाऊन पाहायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं, आणि त्यासाठी सायकल मिळवून दिली.

पहिल्याच दिवशी मी तेलुगू विणकरांच्या गल्लीत ताणून बांधलेल्या सुतात सायकलीसकट घुसले. बायका तेलुगूत ओरडत धावल्या. मग हसू दाबत एकेक धागा माझ्या हातापायांतून सोडवू लागल्या. त्यांतली एक आमचीच बाळंतीण निघाली. मी तशीच, अर्धी सुतात अडकलेली, तिचा हात धरून नाडी मोजू लागले.