तांबडा थर

दुष्काळाच्या त्या वर्षी मी खर्ड्याकडच्या एका शाळेत आठवीला भूगोल शिकवायचो. जिवंत ज्वालामुखीचा धडा माझा लाडका. फळ्यावर शंकू काढायचा: एक थर लाव्ह्याचा, एक राखेचा, पुन्हा लाव्ह्याचा. आतला रस घट्ट, त्यानं घसा बुजतो, वाफ कोंडते आणि डोंगर फुटतो. मग शेकडो वर्षं गप्प. गप्प म्हणजे मेला नव्हे, असं मी पोरांना दरडावून सांगायचो. ज्वालामुखी मी आजतागायत पाहिलेला नाही.

त्याच दिवसांत थोरल्या भावाच्या विहिरीचं खोदकाम चाललं होतं. स्वतःची शाळा सोडून त्यानं मला शिकवलेलं. काळा खडक फोडता फोडता चाळीस फुटांवर विटकरी मातीचा थर लागला. विहिरी खोदण्यात जन्म घालवलेला म्हातारा गडी म्हणाला, "तांबडं हवेला फुगतंय. आदी दगडानं बांधून घ्या, मंग खाली जावा."

बांधण्यात महिना गेला असता आणि गोठ्यात जनावरं तहानेली. मी काठावर उभा राहून अक्कल पाजळली, "ही ज्वालामुखीची राख हाय बाबा. वरच्या लाव्ह्यानं विटेगत भाजलीय. ढासळंल कशी?"

भाऊ हसला. "आमच्या गुरुजीनं पुस्तकात वाचलंय," म्हणाला आणि खाली उतरला. केवढा अभिमान होता त्याच्या आवाजात!

मुलांना दाखवायला मी त्या थराचं मुठीएवढं ढेकूळ वर्गात आणून ठेवलं. शनिवारी सकाळी पाहतो तर टेबलावर नुसता भुगा. कोणीतरी खोडी केली म्हणून पुढच्या बाकावरच्या पोरीचा कान पिळला आणि तिच्याकडूनच तो झाडून घेतला. एकदाही डोक्यात आलं नाही, की ते आपोआप फुटलं असेल.

दुपारी निरोप आला. तांबड्याची कड सुटली होती, आणि तिच्यासकट वरचा खडक. म्हातारा वर दगड उपसायच्या यारीवर होता म्हणून वाचला. भावाला काढायला संध्याकाळ झाली.

आपली जमीन शंकूंनी रचलेली नाही, हे मी नंतर वाचलं. इथं भेगांतून पातळ लाव्हा आला, पसरला, थिजला. दोन लाव्ह्यांमधल्या काळात खडक कुजून माती झाली, तोच आपला तांबडा थर. भाजली तरी ती मातीच. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो मी, आणि जीव गेला त्याचा.

तिसऱ्या दिवशी ओसरीवर माणसं बसली होती. आई प्रत्येकाला सांगत होती, "ह्यो एवढा शिकलेला. ह्याला ठावं असतं तर ह्यानं उतरू दिलं असतं व्हय त्याला?"

मी जमिनीकडं बघत राहिलो. म्हातारा माझ्या समोरच होता. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं.

मग म्हणाला, "न्हाई आक्का. कुनालाच ठावं नव्हतं."