कुकरवाली

"हात पदराखाली घ्या, बाई. फोटोत दिसतो."

साहेब हसत बोलले. मुंबईहून त्यांचे वरिष्ठ आले होते. मागे फळा: 'अपघाताविना वर्ष'. टेबलावर रांगेनं नवे कुकर. मी भाजलेला हात आत घेतला. तसे साहेब म्हणाले, "तुम्हा कोळणींची कातडी तशीही जाड. डागसुद्धा राहणार नाही."

मुलांनो, व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी, हाताला काय झालं? तेवढ्यात नेट गेलं. म्हणून लिहिते.

रेवदंड्याजवळच्या कोळंबीच्या कारखान्यात मी माल तपासते. आजोबा गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून ही नोकरी धरली. एका सकाळी उकळत्या पाण्याची नळी निसटली आणि हात कोपरापर्यंत भाजला. नळी सैल आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नव्हतं. साहेबांनी जाहीरच केलं होतं: वर्षभर एकही अपघात नोंदला नाही, तर प्रत्येकीला कुकर. एकीचा नोंदला, तर कोणालाच नाही.

माझ्या शेजारी काम करणाऱ्या चंद्रीनं हातावर गार पाणी ओतलं. ओतता ओतताच म्हणाली, "बाय, घरी भाजलं सांग गो. पोरीच्या आंदणात धरलाय मी तो कुकर."

चंद्री रोज बसमध्ये माझी जागा धरायची. मी सांगितलं, घरी भाजलं.

आणि त्या फोटोच्या दिवशी साहेबांनी माइक पुढे केला. "बाई, इंग्लिशमध्ये आभार माना. पाहुण्यांना बरं वाटेल."

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. या माणसानं आम्हाला एकदाही दम दिला नव्हता. गरजच नव्हती. एकीचं तोंड दुसरी दाबत होती. माझं भाजणं चंद्रीच्या लेकीच्या संसाराला बांधलेलं. गाठ त्यांची. ओढत होतो आम्ही.

तुमच्या पणजोबांनी होडीवर राबून मला इंग्रजी शिकवलं. ते आभार मानण्यासाठी नव्हे.

मी हात बाहेर काढला. इंग्रजीतच बोलले. हा हात इथे भाजला. ती नळी अजून सैल आहे.

कोणी टाळी वाजवली नाही. फळा पुसला गेला. कुकर परत टेम्पोत चढले. झाकणं वाजत होती.

दुसऱ्या दिवशी नळी बदलली. त्याच दिवशी माझ्याशी बोलणंही बंद झालं.

"चढली बघ कुकरवाली," बसमध्ये मागून येतं. हशा होतो. चंद्री हसत नाही. खिडकीबाहेर बघते. शेजारच्या जागेवर तिचा डबा ठेवलेला असतो. मी एकटी पुढे बसते, एकटी जेवते. घरी आवाज असावा म्हणून टीव्ही लावते.

तिच्या लेकीला कुकर मी देऊ शकते. देणार नाही. तेही बक्षीसच होईल, आणि बसमधली ती जागा मला बक्षीस देऊन परत नको.

फळा पुन्हा रंगवलाय. या वर्षी मिक्सर आहे म्हणे. आज कोळंबी सोलताना एका नव्या मुलीचं बोट कापलं. माझी नजर पडताच तिनं ते मुठीत लपवलं.

उद्या मी तिच्याजवळ जाऊन सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारणार आहे, "कुठे कापलं?" ती गप्प राहिली तर परवा पुन्हा.

बाही कोपराच्या वर दुमडूनच जाणार.