घड्याळजींचा हलका हात

घड्याळजींनी दुकानाला कुलूप लावलं, त्याला तीन महिने झाले. गल्लीला त्यांनी कारण सांगितलं, डोळे थकले. गल्लीने लगेच मान डोलावली. चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाचे डोळे थकणार नाहीत तर काय गुडघे थकणार?

पण डोळे ठणठणीत होते. समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या शर्टाचं कितवं बटण तुटलंय हे घड्याळजींना खुर्चीतून दिसायचं, आणि ते शर्टवाल्याला हाक मारून सांगायचेही. थकला होता तो उजवा हात. एका दुपारी चिमट्यातून मोहरीएवढा स्क्रू निसटला तो निसटलाच. तासभर गुडघ्यांवर रांगल्यावर घड्याळजींनी हात समोर धरून पाहिला, तर बोटं जरा थरथरत होती. ही गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नाही. बायकोला तर मुळीच नाही.

दुकानातली घड्याळं ज्याची त्याला परत गेली. एकच राहिलं, निवृत्त पोस्टमनचं, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं चावीचं मनगटी घड्याळ. ते घरच्या टेबलाच्या खणात पडून होतं. पोस्टमन दर आठवड्याला विचारायचे आणि घड्याळजी दर आठवड्याला ताजी थाप मारायचे. न उघडता परत द्यायला जीव होत नव्हता, आणि उघडायला हात धजत नव्हता.

अशात मुलाने आईसाठी नवा प्रोसेसर पाठवला. आई अंधशाळेतल्या मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, आणि तिचा कॉम्प्युटर इतका सुस्तावला होता की एक प्रकरण साठवून होईपर्यंत तिची भाजी निवडून, चिरून, शिजूनही व्हायची.

"दुरुस्तीवाल्याला बोलावू या," ती म्हणाली.

"कशाला? मी बसवतो की."

म्हणाले खरे, पण मनातल्या मनात त्यांनी स्वतःशीच पैज लावली. हा नीट बसला तर पोस्टमनचं घड्याळ उघडायचं. नाही बसला तर ते तसंच परत, आणि चिमटे, भिंगं, ब्रश सगळं कुणा होतकरूला देऊन मोकळं व्हायचं.

रविवारी सकाळी त्यांनी टेबलावर पांढरी चादर अंथरली, कॉम्प्युटरचा डबा आडवा केला आणि झाकण काढलं. आत त्यांना एकच ओळखीचा चेहरा दिसला, मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी. तिच्याकडे बघून त्यांना जरा बरं वाटलं. मग पंखा काढला, जुना प्रोसेसर उचलला आणि नवा हातात घेतला. त्याच्या पोटाला तेराशेवर पिना होत्या, केसाइतक्या बारीक. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, जोर लावू नये, आपल्या वजनाने बसू द्यावा. ते वाचून घड्याळजींना लिहिणाऱ्याबद्दल माया दाटून आली. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? जे ढकलावं लागतं ते चुकीच्या जागी चाललंय, हा त्यांचा धंद्यातला पहिला नियम.

प्रोसेसर आपल्या वजनाने बसला. वर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा ठिपका, त्यावर पंखा. पंख्याला वाट करून द्यायला रॅमची पट्टी काढली होती, तीही त्यांनी त्याच हलक्या हाताने जागेवर ठेवली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. पडदा मात्र काळाच्या काळा.

घड्याळजींनी पडद्याची वायर काढून लावली. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिली. बटणाएवढी बॅटरी काढून, पुसून, पाच मिनिटं विश्रांती देऊन परत बसवली. काळाच. शेवटी मुलाला फोन लावला.

"बाबा, आपल्या बोर्डला हा प्रोसेसर चालतो, मी यादी बघूनच पाठवलाय. पिना वाकल्यात का बघा."

"पिनांना काय होतंय?"

"पण बघितल्यात का?"

"तू जेवलास का रे?"

"बाबा, सकाळचे दहा वाजलेत."

घड्याळजींनी फोन ठेवला. पिना सोडून बाकी सगळं त्यांनी दोनदा तपासलं होतं. पिना बघायच्या म्हणजे पंखा काढायचा, भिंग लावायचं, आणि एक जरी वाकडी निघाली तरी ती कोणाच्या हाताने वाकली हे विचारायला कुठे जायचं? त्या न बघता दिवसभर वायरी बदलत बसायचीही त्यांची तयारी होती.

एवढ्यात विहीणबाई आल्या. विहीणबाई म्हणजे सुनेची आई. टायरचं दुकान त्या एकहाती चालवायच्या, आणि त्यांना ट्रकचं चाक खोलताना बघायला चौकात माणसं थांबायची. आल्या आल्या त्यांनी टेबलाकडे नजर टाकली.

"काय व्याही, पोस्टमॉर्टेम का?"

"तुम्ही बसा. हे नाजूक काम आहे."

"बसतेच. नाजूक कामं बघायची मला फार हौस. आमच्याकडे येत नाहीत."

बायको चहा घेऊन आली. विहीणबाईंचा कप काठोकाठ, घड्याळजींचा अर्धा. तो त्यांच्यासमोर ठेवून ती सहज म्हणाली, "अहो, पिना बघून घ्या एकदाच्या."

"तुला कोणी सांगितलं पिनांचं?"

"मुलाने. तुम्ही फोन ठेवल्यावर त्याने मला केला." मग खुर्ची ओढून जवळ बसत तिने आवाज खाली आणला. "आणि तीन महिने मी तुमचा कप अर्धाच भरतेय. तुम्हाला काय वाटलं, दूध वाचवते मी?"

घड्याळजींनी कपाकडे पाहिलं. तीन महिने ते मनातल्या मनात या अर्ध्या कपावर कुरकुरत होते, बायकोचा हात आखडता झाला म्हणून. विहीणबाई त्या वेळी खिडकीबाहेर इतकं लक्ष देऊन बघू लागल्या की बाहेर काहीतरी घडतच असणार असं वाटावं.

"हात हवेतच हलतो," घड्याळजी शेवटी म्हणाले. "टेकवला की नाही हलत. निदान मला तसं वाटतं."

"मग टेकवून बघा."

त्यांनी वायर काढली, रॅमची पट्टी काढली, पंखा पिळून सोडवला, खटका उचलून प्रोसेसर बाहेर घेतला आणि चादरीवर उताणा ठेवला. भिंग डोळ्याला लावलं. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली. एक एक रांग, मग आडव्या रांगा, मग परत पहिल्यापासून. बायकोने चहाचा घोटही घेतला नाही. विहीणबाईंनी मात्र घेतला, तोही आवाज करून.

"सगळ्या सरळ आहेत," घड्याळजी म्हणाले. भिंग काढलं तेव्हा त्या डोळ्यात पाणी होतं. त्याचं खापर भिंगावर फोडायला ते मोकळे होते आणि त्यांनी ते फोडलंही.

"मग चालू का होत नाही?" बायको म्हणाली.

या प्रश्नाने आता त्यांना काही त्रास होत नव्हता. प्रोसेसर जागेवर गेला, नवी पेस्ट, पंखा. शेवटी झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तशी त्यांनी रॅमची पट्टी खाचेत ठेवली. विहीणबाईंनी कप खाली ठेवला.

"व्याही, ही पट्टी बसवलीत का नुसती टेकवलीत?"

"बसवली की."

"या टोकाचा खटका मिटलाय. त्या टोकाचा आ वासून बघतोय माझ्याकडे. मघाशीपण अशीच ठेवली होती का?"

"अशीच."

"सरका जरा."

"विहीणबाई, जोर नका लावू, त्या कागदावर लिहिलंय—"

"ते प्रोसेसरबद्दल लिहिलंय. हिच्याबद्दल कुठं लिहिलंय?" असं म्हणून त्यांनी टायर दाबणारा तो अंगठा पट्टीच्या टोकावर ठेवला. घड्याळजींनी डोळे मिटले. खट्ट आवाज झाला. मोडलं, ते मनात म्हणाले. डोळे उघडले तर दोन्ही खटके मिटलेले.

वायर लावली, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. बायकोचा जीव भांड्यात पडला. तिने आपली सगळी प्रकरणं जागेवर आहेत का ते एकेक मोजून घेतलं. घड्याळजी खुर्चीत मागे रेलून हसत सुटले, इतके की विहीणबाईंना काळजी वाटली.

"चूक सापडली तर माणसं कपाळाला हात लावतात, तुम्ही हसताय?"

"विहीणबाई, चाळीस वर्षं लोक माझ्या हलक्या हाताचं कौतुक करत आले. त्याच्यापायी काम अडलेलं आज पहिल्यांदा पाहिलं." थरथरणाऱ्या हातापायी नव्हे, हे त्यांनी उच्चारलं नाही, पण त्या खोलीत ते तिघांनाही ऐकू आलं.

जेवणं व्हायच्या आत त्यांनी खण उघडला. पोस्टमनचं घड्याळ चादरीवर ठेवलं, कोपरं टेकवली आणि मागचं झाकण अलगद फिरवलं. आत जुन्या तेलाची राळ झाली होती, बाकी सगळं शाबूत. त्यांनी फोन लावला.

"बुधवारी या," ते म्हणाले.

पलीकडून पोस्टमननी विचारलं, "कुठल्या बुधवारी ते सांगा, मागच्यासारखं नको व्हायला."

"याच. आणि येताना जुना पट्टा आणा."

मग त्यांनी अर्धा कप पुढे सरकवला. बायकोने तो काठोकाठ भरला. घड्याळजींनी कोपरं टेकवून, दोन्ही हातांनी तो उचलला. थोडा बशीत सांडला, तोही त्यांनी पिऊन टाकला.